आसन स्थिर, पण पायाला मुंग्या!

आषाढी एकादशीला चातुर्मासाचा आरंभ होतो आणि घरोघरी नियम धरले जातात. कोणी एकभुक्त राहतो, कोणी पहाटे घटकाभर ध्यानास बसतो. हा दुसरा नियम दिसावयास सोपा. पण डोळे मिटावेत तोच नाकाला खाज सुटते, डास कानाशी आपले कीर्तन मांडतो, आणि मांडीखालचा पाय बधिर होतो.

साधकाने खजील होण्याचे कारण नाही. पतंजलींनी समाधिपादात नऊ अंतराय गणले, त्यांत पहिले नाव व्याधीचे. पुढच्याच सूत्रात अंगकंप आणि श्वासाची गती हे विक्षेपाचे सोबती म्हटले आहेत. आसनाविषयी त्यांच्या अटी दोनच : ते स्थिर असावे आणि सुखकर असावे. आपण स्थैर्य तेवढे घेतो, सुख विसरतो.

हा प्रमाद माझ्याच हातून घडला. प्रवचनास येणाऱ्या एका आजींनी विचारले, "बुवा, मांडी घातली की गुडघ्यात कळ येते. काय करू?" मी व्यासपीठाच्या तोऱ्यात उत्तरलो, "देहबुद्धी सोडा, आजी!" त्यांनी देहबुद्धी सोडली की नाही ठाऊक नाही, येणे मात्र सोडले. पुढे ब्रह्मसूत्रांचा चौथा अध्याय पुन्हा वाचताना ओशाळलो. उपासना बसून करावी, असे तेथे आहे. आचार्य कारण देतात की आडवे झाल्यास निद्रा गाठते, चालताना चित्त विखुरते. पण स्थळकाळाचा प्रश्न येताच सूत्रकार एकाग्रता साधेल तेथे बसा म्हणतात. गुडघे मोडून घ्या, असे कोणत्याही सूत्रात नाही. मी आजींच्या घरी जाऊन क्षमा मागितली आणि त्यांना खुर्चीवर बसविले.

खाजेची गोष्ट निराळी. तिला लगेच नखे लावू नयेत. ती कोठे आहे, टोचते की जळजळते, वाढते की ओसरते, एवढेच पाहावे. बहुधा ती आपणहून जाते. इगतपुरीच्या धम्मगिरीवर, जेथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात, तासभर न हलण्याच्या संकल्पाने बसवितात, ते हेच पाहण्यासाठी. मुंग्या मात्र नस दबल्याने येतात. तेव्हा पाय सावकाश, जाणीवपूर्वक सोडवावा. सांध्यात तीव्र कळ आली तर तितिक्षेचे नाव सांगून बसून राहू नये.

परवा आजी देवळात भेटल्या. म्हणाल्या, "बुवा, खाज येते नि जाते, हे पटले. पण तुमचा डास काही देहबुद्धी सोडत नाही!"

मी त्यांना मच्छरदाणी लावण्यास सांगितले.