एका चुकीचे पाच

वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज एकदा नाकारला गेल्यावर तो पुढच्या वर्षासाठी भक्कम करणे, या कामाचा अर्थ देशागणिक बदलतो. अमेरिकेत परीक्षेतील गुणांबरोबरच अर्जदाराचे स्वतःविषयीचे निवेदन, रुग्णालयात घालविलेले तास, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि मुलाखत यांचाही विचार होत असल्यामुळे, नकार मिळालेला विद्यार्थी यांपैकी जे उणे पडले असेल ते वर्षभरात भरून काढू शकतो. १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पाठविलेल्या पत्रात आपली परिस्थिती, आपला निश्चय आणि आपल्या देशातील स्त्रियांची गरज मांडण्यास त्यांना जागा होती. १८८६ मध्ये त्या तेथूनच पदवी घेऊन बाहेर पडल्या. आजच्या महाराष्ट्रात एमबीबीएसच्या अर्जदाराला अशी बोलण्याची जागा उरलेली नाही. येथे अर्ज म्हणजे एक आकडा आणि एक फाईल. आकडा 'नीट' या राष्ट्रीय पात्रता व प्रवेश परीक्षेचा आणि फाईल सरकारी कचेऱ्यांतून मिळणाऱ्या दाखल्यांची. नकाराचेही पत्र येत नाही. राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाने लावलेल्या निवडयादीत नाव सापडत नाही, आणि घरातले लोक एकमेकांना सांगतात की नंबर लागला नाही.

नंबर न लागलेला विद्यार्थी जेव्हा पुन्हा परीक्षेला बसण्यासाठी पूर्ण वर्ष राखून ठेवतो, तेव्हा त्याला 'ड्रॉप घेणे' म्हणतात आणि अशा विद्यार्थ्याला 'रिपीटर'. या शब्दांना आता मराठी घरांत कोणी परके मानीत नाही. परीक्षेच्या प्रयत्नांवर मर्यादा नाही आणि वयाची कमाल अट राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीरपणे काढून टाकली असल्याने ड्रॉप एकच असेल असेही नाही. कोटा, लातूर, नांदेड आणि विदर्भापुरते बोलायचे तर अकोला, या शहरांतल्या शिकवण्यांचा मोठा आधार हे रिपीटरच आहेत. त्यांच्या फलकांवर यशस्वी चेहरे दाटीवाटीने लावलेले असतात. त्याच वर्गातून दुसऱ्यांदा रिकाम्या हाताने परतलेल्यांसाठी अर्थातच कोणी फलक छापत नाही.

डोणगाव हे बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातले गाव असून, सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्या हिशेबावर येथली घरे चालतात. येथील एका रिपीटरच्या घराकडे लक्ष गेले ते भिंतीवरच्या एका कागदामुळे. देव्हाऱ्याच्या बाजूला, जेथे एरवी गुणपत्रिकेची चौकट किंवा सत्काराचे छायाचित्र टांगलेले असते, तेथे या घरातील मुलीने २०२५ च्या 'नीट'मधील आपल्या उत्तरपत्रिकेची, म्हणजे ओएमआरची, छापील प्रत चिकटवलेली होती. ओएमआर ही गोल रंगवायची उत्तरपत्रिका. यंत्र ती वाचते आणि त्यात पेनाने एकदा रंगविलेला गोल पुसता येत नाही. परीक्षा घेणारी यंत्रणा निकालापूर्वी प्रत्येकाला आपल्या ओएमआरची प्रतिमा आणि तात्पुरती उत्तरसूची पाहू देते, सूचीतले एखादे उत्तर चुकीचे वाटल्यास प्रश्नामागे २०० रुपये भरून हरकत घेता येते, आणि प्रश्नपुस्तिका तर विद्यार्थ्याला घरी नेता येते. बहुतेक घरांत हे सगळे साहित्य निकालाच्या दिवशी कपाटात जाते. या घरात ते भिंतीवर आले आणि वर्षभराचे काम तेथूनच सुरू झाले.

ज्या माडीवर हे काम चालते, तिच्या अर्ध्या भागात चांगल्या भावाची वाट पाहत ठेवलेली सोयाबीनची पोती होती. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला असला, तरी बाजारात तेवढे मिळत नव्हते म्हणून पोती वरच राहिली. त्यांचा तो किंचित तेलकट, ऊन आणि धूळ यांचा मिळून झालेला वास खोलीभर असतो. तो वह्यांच्या पानांना लागतो आणि खोलीतून बाहेर पडल्यावरही बराच वेळ कपड्यांना सोडीत नाही. याच पोत्यांतून शिकवणीचे पैसे निघणार होते. वडिलांनी अकोल्याच्या खोलीचा, खाणावळीचा आणि वर्गाचा खर्च एक वर्ष केला होता. दुसऱ्या वर्षी मुलीनेच गावी राहून सराव परीक्षा तेवढ्या लावून घेण्याचे ठरविले.

अकोल्याच्या वर्गातून तिने आणलेले एक वाक्य मात्र या घरात सर्वांच्या तोंडी बसले आहे: एका चुकीचे पाच. भौतिकशास्त्राचे सर ते रोज म्हणत. 'नीट'मध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, त्यांत जीवशास्त्राचे ९० आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५ प्रश्न. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो आणि सोडलेल्या प्रश्नाला शून्य. म्हणून जो प्रश्न ४ देऊ शकला असता तो उणे १ देऊन गेला, तर नुकसान ५ गुणांचे. आई चहा घेऊन वर येते तेव्हाही विचारते, आज किती पाच गेले? २०२५ पासून पर्यायी प्रश्न रद्द होऊन १८० प्रश्नांना बरोबर १८० मिनिटेच मिळू लागल्याने या वाक्याची धार आणखी वाढली.

मुलीने त्या ओएमआरवरून केलेला हिशेब असा आहे. १२९ उत्तरे बरोबर, ३६ चुकीची, १५ प्रश्न सोडलेले. ५१६ मधून ३६ वजा जाता ४८० गुण. ३६ चुकांना सरांचे वाक्य सरळ लावले, तर १८० गुण हातचे गेले असे दिसते, आणि पहिले काही आठवडे घरात हाच आकडा शोकासारखा फिरत होता. पण आकडा खरा नव्हता, आणि हे तिला प्रश्नपुस्तिकेच्या समासातल्या कच्च्या कामावरून कळले. जो प्रश्न मुळात येतच नव्हता, त्याचे उत्तर चुकले तर तो सोडण्याच्या तुलनेत नुकसान केवळ १ गुणाचे होते. पाच जातात ते येत असलेल्या प्रश्नाचे. तिने ३६ चुका पेन्सिलीने तीन रकान्यांत मांडल्या: येत असून चुकलेले १४, अर्धवट येणारे १२ आणि निव्वळ अंदाजाचे १०. पहिल्या रकान्याचे ७० गुण होतात. तिसऱ्या रकान्यातले दहाही प्रश्न सोडून दिले असते, तर ४८० चे ४९० झाले असते. त्याउलट पहिल्या रकान्यातल्या १४ चुका टळल्या असत्या, तर नवीन एक ओळही न शिकता ५५० झाले असते.

या ठिकाणी शिकवण्यांच्या एका आवडत्या उपदेशाविषयी शंका घेणे भाग आहे. चुकण्याची भीती घालून मुलांना प्रश्न सोडायला शिकविले जाते, पण गणित तसे सांगत नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तरी चारांतून एकदा ४ मिळतील आणि तीनदा १ कापला जाईल, म्हणजे सरासरीने पाव गुण हातीच पडतो. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर सरासरी लाभ दीड गुणाचा होतो. तेव्हा अर्धवट येणाऱ्या प्रश्नांपुढे हात आखडणे हे शहाणपण नव्हे. रिपीटरच्या वर्षातले खरे काम पहिल्या रकान्यात असते, आणि नेमके तेच कोणत्याही वर्गात एकत्र बसून शिकविता येत नाही, कारण प्रत्येकाचा पहिला रकाना वेगळा असतो. वर्षभर तोच अभ्यासक्रम पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकविण्याचे शुल्क मात्र सर्वांकडून सारखे घेतले जाते.

तिच्या १४ चुकांची तपासणी हा या कामातला सर्वांत बारीक भाग होता. ६ चुका प्रश्नातल्या एकाच शब्दाच्या होत्या: 'चुकीचे विधान ओळखा' असे विचारलेले असताना तिने दिसलेले पहिले बरोबर विधान रंगविले होते. ४ चुका आकडेमोडीच्या, त्यांतल्या एकीत चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना दहाचा घात उणे चारऐवजी उणे दोन धरलेला. ३ चुका सलग होत्या, कारण एक प्रश्न सोडल्यावर ओएमआरवर त्याची ओळ सोडायची राहिली आणि पुढची तीन उत्तरे एकेक घर वर सरकली. उरलेल्या एका प्रश्नात कच्च्या कामात उत्तर बरोबर आणि रंगविलेला गोल भलताच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला इंग्रजीत आलेल्या मुलीच्या बाबतीत पहिल्या सहांचे मूळ भाषेत असावे असे वाटते. 'नीट' मराठीतूनही देता येते, परंतु भाषांतराविषयी शंका निघाल्यास इंग्रजी मजकूरच प्रमाण धरला जातो आणि शिकवणीचे सारे साहित्य इंग्रजीत असते, म्हणून मराठी प्रश्नपत्रिका घेण्यास मुले धजत नाहीत. यावर तिने काढलेला उपाय साधा आहे. प्रश्न वाचताना 'नॉट', 'एक्सेप्ट', 'इनकरेक्ट' यांपैकी शब्द आला की पेन थांबते, त्या शब्दाभोवती गोल पडतो, आणि मगच पर्यायांकडे नजर जाते. रविवारी दुपारी दोन ते पाच, म्हणजे खऱ्या परीक्षेच्याच वेळी, सराव परीक्षा देताना त्या खोलीत ऐकू येतो तो आवाज एवढाच, कागदावर पेन गोल फिरल्याचा.

गुणांचे लक्ष्य ठरवून अभ्यास करावा, हा सल्लाही २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत कुचकामी ठरला. २०२४ मध्ये पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० मिळाले, वाढीव गुणांच्या वादातून १,५६३ जणांना फेरपरीक्षेची संधी द्यावी लागली आणि प्रश्नपत्रिका फुटल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२५ मध्ये भौतिकशास्त्र इतके कठीण निघाले की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतारेषा एका वर्षात १६२ वरून १४४ वर आली. ही रेषा ओलांडणे म्हणजे प्रवेश नव्हे, हेही गावात समजावून सांगावे लागते. २०२५ मध्ये परीक्षा दिलेल्या २२ लाखांवर विद्यार्थ्यांपैकी १२ लाखांहून अधिक पात्र ठरले आणि देशातील एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास होत्या, त्यामुळे 'पोरगी नीट पास झाली ना, मग?' या शेजाऱ्यांच्या प्रश्नाला सोपे उत्तर नसते.

जागांच्या गणितात बुलढाण्यासारख्या जिल्ह्याचे स्थान दोन निर्णयांनी बदलले. राज्याच्या वाट्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के राज्यभरातील विद्यार्थ्यांना, अशी ७०:३० ची पद्धत महाराष्ट्रात होती. ती सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली आणि विदर्भातील विद्यार्थी लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्यांबरोबर एकाच यादीत आला. मराठवाड्याची त्यामागची तक्रार रास्त होती, पण वऱ्हाडातल्या खेड्यांना या बदलाची किंमत मोजावी लागली, हेही तितकेच खरे. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत १०० जागांचे बुलढाण्याचे महाविद्यालयही होते. जिल्ह्याला महाविद्यालय मिळाले म्हणजे जिल्ह्याच्या मुलांना जागा मिळाल्या, असा समज गावात आहे. प्रत्यक्षात १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्याच्या यादीतून भरल्या जातात.

फाईलचे काम वडिलांकडे आहे. अधिवास, जातीचा दाखला, त्याची वैधता म्हणजे पडताळणी समितीने तो दाखला खरा असल्याचे दिलेले प्रमाणपत्र, आणि कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा नॉन-क्रिमिलेअर दाखला, असे कागद त्यात लागतात. पहिले तीन एकदा निघाले की टिकतात. शेवटच्याला मुदत असते. प्रवेशाच्या वर्षाअखेरीपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत, वैध असणारा दाखला नसेल तर विद्यार्थ्याची गणना खुल्या प्रवर्गात होते, आणि मग पहिल्या रकान्यातून वर्षभर वेचून आणलेले सत्तर गुण एका शिक्क्यापायी जाऊ शकतात. या धोक्याबद्दल मात्र कोणताही वर्ग बोलत नाही. वडिलांनी फाईलच्या आतल्या बाजूला दाखल्यांच्या तारखा पेन्सिलीने लिहून ठेवल्या आहेत आणि मेहकरला कामासाठी जाताना ती पिशवीत असतेच.

गावातले लोक भेटले की विचारतात, औंदा तरी लागन का नंबर? वडील उत्तर देत नाहीत, मुलगी हसते.

पोती डिसेंबरमध्ये हमीभावापेक्षा कमी दराने विकली गेली. खोली मोठी झाली, वास तसाच आहे. वर्षाच्या शेवटच्या सराव परीक्षेनंतर भिंतीवरच्या ओएमआरखाली लावलेल्या कागदावर पहिल्या रकान्यात ६ चुका, म्हणजे ३० गुण, नोंदविलेले होते. त्यांतल्या ४ भौतिकशास्त्राच्या होत्या, आणि शब्द चुकीचा वाचल्याची एकही नव्हती.