मेंटॉरचा मान मागून मिळत नाही

रविवारची सकाळ. नोएडातल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये पांढऱ्या फ्लेक्सवर काळी पट्टी आखली आहे आणि आठवीतल्या तीन मुलांचा रोबोट तिच्यावरून सारखा घसरतोय. मदतीला आलेले इंजिनिअर अंकल पाच मिनिटं बघतात, मग ‘आण इकडे’ म्हणत लॅपटॉप ओढून घेतात. रोबोट सरळ धावतो. मुलं मात्र मोबाइल काढून बसतात.

इथेच मेंटॉरची गोची होते. मुलं ‘सर’, ‘अंकल’ म्हणतात, पण तो मान वयाला असतो. कामाचा मान कमवावा लागतो.

स्पर्धेत तुम्ही बाहेर असता

२०१६ मध्ये अटल इनोव्हेशन मिशन सुरू झालं. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांमध्ये टिंकरिंग लॅब आल्या आणि बाहेरचे जाणकार मेंटॉर म्हणून येऊ लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडची अंतिम फेरी दिल्ली एनसीआरमध्ये झाली. या स्पर्धेत दोन-तीन मुलांचा संघ आणि एक प्रशिक्षक असतो. पण फेरी सुरू झाली की प्रशिक्षकाने बाहेर थांबायचं. जो प्रोग्रॅम तुम्ही लिहिलात, तो तिथे बिघडला तर मुलं काय करतील?

मग करायचं काय?

हात आवरा, प्रश्न विचारा : ‘सेन्सर चुकीचा लावलाय’ असं सांगण्यापेक्षा ‘खिडकीचा पडदा ओढला तर काय होतं?’ असं विचारा. उजेड बदलला की लाइट सेन्सरचे आकडे बदलतात, हे मुलांना स्वतः कळू द्या. मग स्पर्धेच्या हॉलमध्ये ती आधी आकडे तपासतील.

‘माहीत नाही’ म्हणायला लाजू नका : ‘चल, शोधू या’ हे वाक्य खोट्या उत्तरापेक्षा जास्त विश्वास देतं. तुम्ही सुचवलेली मोटर कमी पडली, तर चूक सगळ्यांसमोर मान्य करा.

शब्द पाळा : शनिवारी लाजपतराय मार्केटमधून सुटे भाग आणतो म्हणालात, तर आणा. मुलं भाषण विसरतात, हे विसरत नाहीत.

कामं फिरवा : मुलीकडे फक्त पोस्टर आणि सादरीकरण देऊ नका. स्क्रू ड्रायव्हर आणि कोड प्रत्येकाच्या हाती यायला हवा.

सुरक्षेत तडजोड नाही : सोल्डरिंग करताना चष्मा हवाच. लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून कुणीही निघून जायचं नाही. इथे ठाम राहा, पण कारण सांगा आणि आधी स्वतः चष्मा लावा.

असं वागलात तरी संघ हरू शकतो. पण परतताना मेट्रोत मुलं आपापसांत भांडतील, काय चुकलं ते मोजतील. मग एक जण वळून विचारेल, ‘‘अंकल, तुम्हाला काय वाटतं?’’

तुम्ही न सांगता आलेला हा प्रश्न म्हणजेच तुमचा मान.