मागितलेली जागा न मिळाली तर?

गेल्या वर्षीं विज्ञानप्रदर्शनाच्या चार दिवस अगोदर आमच्या संगणकवर्गांत एक लहानसा अपघात झाला. नववीच्या दोन मुली एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक चालवून दाखविणार होत्या. बाहेरच्या संगणकाजवळ एकंदर ४ गिगाबाइट स्मृति. त्यांपैकीं ३ गिगाबाइट त्यांनीं आंतल्या संगणकास देऊं केली. तो मुकाट्यानें सुरू झाला, तासभर चालला, आणि काम भरांत आलें असतां पडद्यावरून एकाएकीं नाहींसा झाला. दुपारभर भरलेले तक्ते त्याबरोबर गेले. तेव्हां एकीनें डोळे पुसत विचारलें, “सर, जागा नव्हती तर त्यानें आरंभींच तसें कां सांगितलें नाहीं?”

प्रश्न मार्मिक होता. त्या दिवशीं फळ्यापुढें उभें राहून मीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. म्हणून तें येथें पुरें करितों.

पोटांतला हा संगणक धातूचा नसून एक आज्ञावलि असते. तिला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बाहेरच्या संगणकास यजमान व आंतल्यास पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. पाहुण्यास लागणारी सारी स्मृति यजमानाकडूनच मिळावयाची. ती पानांच्या हिशेबानें दिली जाते. आपल्या नेहमींच्या संगणकांत लहान पान ४ किलोबाइटचें असतें व मोठें २ मेगाबाइटचें. म्हणजे एका गिगाबाइटला लहान पानें २,६२,१४४ लागतात, तर मोठीं अवघीं ५१२ पुरतात.

ह्या फरकाचें महत्त्व समजण्यास नंदुरबारच्या वाचकांनीं मिरचीच्या पथारीपर्यंत जावें म्हणजे पुरे. व्यापाऱ्यास एक सलग मैदान मिळालें, तर मुनीमजींच्या वहींत एकच ओळ पुरते. तोच माल शंभर तुकड्यांवर पसरला, तर ओळीही शंभर, आणि प्रत्येक ढिगासाठीं वही उघडणें आलें. संगणकाचा मुनीम कांहीं ओळी तोंडपाठ ठेवतो खरा, पण त्या थोड्याच. शिवाय येथें वह्या दोन, एक पाहुण्याची व दुसरी यजमानाची. प्रत्येक वही चार थरांची असल्यास एक पान हुडकण्यास अगदीं वाईट प्रसंगीं स्मृतींत २४ वेळां पाहावें लागतें! म्हणूनच मोठ्या पानांसाठीं एवढा आटापिटा. पण दिवस चढला कीं मैदानांत जागोजाग ढीग पडलेले असतात. एकंदर रिकामी जागा पुरेशी असूनही सलग जागा मिळत नाहीं. संगणकाच्या स्मृतीचेंही तसेंच होतें.

अशा वेळीं काय करावें? जावा नांवाच्या भाषेचें स्वतःचें एक आभासी यंत्र आहे. त्यास मोठीं पानें वापरण्याची आज्ञा केली व तीं मिळालीं नाहींत, तर तें तशी सूचना छापतें आणि लहान पानांवर काम सुरू करितें. गति थोडी कमी होते, बाकी कांहीं बिघडत नाहीं. ही माघार मला रास्त वाटते.

क्यूएमू ह्या आज्ञावलीची गोष्ट निराळी. फाब्रिस बेलार ह्या फ्रेंच गृहस्थानें ती २००३ सालीं सुरू केली. आज जगांतील असंख्य आभासी यंत्रें तिच्यावर चालतात. पाहुण्याची स्मृति अमुकच ठिकाणाहून घ्यावी, असें तिला नांव घेऊन सांगतां येतें. हें ठिकाण बहुधा मोठ्या पानांचा राखीव सांठा असतो. तेथें जागा न मिळाल्यास, आणि सारी स्मृति अगोदरच भरून घ्यावी असा हट्ट धरलेला नसल्यास, क्यूएमू फार तर एखादी इशाऱ्याची ओळ लिहून साध्या स्मृतीवर उतरत असे. यंत्र सुरू होई, आणि मालकाची समजूत कीं सर्व ठरल्याप्रमाणें झालें. परंतु पुष्कळदां दुसरी एखादी आज्ञावलि त्याच ठिकाणीं येऊन तीच स्मृति वाचणार असते. खरेदीदारास अमुक पथारीवर या म्हणून सांगावें आणि माल मुनीमजींनीं भलतीकडे पसरलेला असावा, तसा हा प्रकार! शेवटीं ऑगस्ट २०१९ मधील ४.१ ह्या आवृत्तींत ही माघार बंद होणार असल्याचें जाहीर झालें, व एप्रिल २०२० मधील ५.० ह्या आवृत्तींत ती काढून टाकण्यांत आली. आतां सांगितलेल्या ठिकाणीं जागा नसेल तर यंत्र सुरूच होत नाहीं. कित्येकांस हें कठोर वाटेल. मला वाटत नाहीं. जावाच्या मागणींत केवळ गतीचा प्रश्न होता. येथें ठिकाण हाच मागणीचा गाभा होता, तो सोडून उरलेलें देणें म्हणजे न देणेंच.

आमच्या मुलींचा घोटाळा ह्या दोहोंहून वेगळा होता. यजमानावर लिनक्स होती. लिनक्स मागणाऱ्यास जागेचें वचन सढळ हातानें देते. प्रत्यक्ष पान मात्र त्यावर प्रथम लिहावयाची वेळ येते तेव्हांच देते. बहुतेक आज्ञावल्या मागितलेलें सारें वापरीत नाहींत, म्हणून हा व्यवहार एरव्हीं निभावतो. पण सर्वांनीं एकदम वचन वठवूं म्हटलें आणि पानें संपलीं, म्हणजे लिनक्स एका आज्ञावलीचा बळी घेते, व बहुधा जिनें सर्वांत अधिक स्मृति अडविली तिचाच. आमच्या संगणकावर ती अर्थातच पाहुण्याची होती. म्हणजे आरंभीं “नाहीं” म्हणावयास त्या वेळीं कोणास कांहीं अडचण दिसतच नव्हती.

ह्यास उपाय म्हणजे सारी स्मृति आरंभींच भरून घेण्याची आज्ञा देणें. मग अपयश यावयाचें तें काम सुरू होण्यापूर्वींच येतें. दुसऱ्या दिवशीं मुलींनीं तसें केलें. ३ गिगाबाइटवर पाहुणा उभाच राहिला नाहीं. त्यांनीं मागणी १ गिगाबाइटवर आणली, तक्ते पुन्हां भरावयास घेतले, आणि प्रदर्शनाच्या दिवशीं तो संध्याकाळपर्यंत हळू हळू कां होईना, चालत राहिला.