घरातली आग, भाग 5 : पहारा कुठे बसवायचा?

गेल्या आठवड्यात स्मोक अलार्म निवडला. आता तो लावायचा कुठे? बहुतेक जण स्वयंपाकघराकडे बोट दाखवतात. तिथे लावलात, तर मिरचीची फोडणी पडली की तो कोकलणार आणि आठ दिवसांत कुणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढून ठेवणार. शिवाय स्वयंपाक चालू असताना तिथे सहसा माणूस जागा असतो. अलार्मचं खरं काम रात्रीचं. धुराच्या वासाने झोपलेल्याला जाग येईल, यावर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून जागा शोधायची ती बिछान्यापासून.

अमेरिकेतली 'एनएफपीए 72' ही नियमावली प्रत्येक बेडरूममध्ये एक, बेडरूमच्या बाहेर एक आणि घराच्या प्रत्येक मजल्यावर किमान एक अलार्म सांगते. आपल्या टू बीएचकेत बेडरूम एकाच पॅसेजमध्ये उघडत असतील, तर तीन झाले. सध्या एकच परवडत असेल तर तो पॅसेजमध्ये लावा. मात्र एसीसाठी दारं लावून झोपत असाल, तर एकदा आत पडून बाहेरच्याला टेस्टचं बटण दाबायला सांगा. आवाज पुसट आला, तर आतही अलार्म हवाच; एक वाजला की सगळे वाजणारे, एकमेकांना जोडलेले मिळाले तर उत्तमच.

गरम धूर वर चढतो आणि छताखाली पसरतो, म्हणून छत ही पहिली पसंती. भिंतीवर लावायचा, तर वरच्या बारा इंचांत. पण भिंत आणि छत मिळतात त्या सांध्यात कोंबू नका.

आपल्याकडे खरी अडचण पंख्याची. पात्याच्या टोकापासून तीन फुटांच्या आत अलार्म नको, कारण वारा धूर उधळून लावतो. आता दहा बाय दहाची खोली घ्या. 1200 मिलिमीटरचा पंखा, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. त्यात तीन फूट मिळवले की थेट भिंत येते! उरतात ते छताचे चार कोपरे. त्यातला दाराकडचा पकडा, दोन्ही भिंतींपासून वीतभर सोडून. एसीचा झोत तिथे येत नाही ना, तेवढं बघा. फॉल्स सीलिंग असेल तर अलार्म त्याच्या खालीच.

बाथरूमच्या दारापासून तीन फूट लांब, कारण वाफ. देवघरापासूनही लांब, गणपतीत धूप-उदबत्ती दिवसभर चालते आणि त्या यंत्राला भक्तिभाव कळत नाही.

शेगडीपासून दहा फूट तरी सोडा. ओपन किचनच्या छोट्या फ्लॅटात त्याहून फार लांब जाता येत नाही. तिथे फोटोइलेक्ट्रिक प्रकारच घ्या. खुद्द स्वयंपाकघरात धुराचा नव्हे, उष्णतेवर वाजणारा अलार्म. गॅस गळतीचा मात्र वेगळा. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. त्यामुळे तो अलार्म छताला नव्हे, खाली लावायचा. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.