वर्षभर राबणाऱ्या हातांचा मान : बेने इस्रायल समाजाकडून घेण्यासारखे काही

वार्षिक सभा जवळ आली की आपल्या गटांमध्ये सत्काराची चर्चा सुरू होते. शाली किती आणायच्या, नारळ किती, पाहुणे कोण बोलवायचे. सभेच्या दिवशी पाहुण्यांच्या हारतुऱ्यांतच तास निघून जातो. जिने वर्षभर वह्या लिहिल्या, बँकेत खेटे घातले, नव्या बायकांना सही करायला शिकवले, ती ताई मात्र मागे चहाचे कप मोजत उभी असते. दोन-तीन वर्षे असे झाले की ती म्हणते, "आता दुसरी कोणी बघा." आणि मग दुसरी कोणी मिळत नाही.

म्हणून आज आम्ही तुम्हाला आपल्याच कोकणातल्या एका लहान समाजाविषयी सांगणार आहोत. हा समाज टिकला तो पगार न घेता राबणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांच्या जिवावर. त्यांचा मान कसा राखायचा, याच्या पक्क्या रीती ज्यू धर्मात आहेत. हा समाज म्हणजे बेने इस्रायल.

अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागातल्या मैत्रिणींना हे लोक ठाऊक असतील. ते धर्माने ज्यू, पण घरातली भाषा मराठी. आडनावे गावांवरून पडलेली : किहीमचे केहिमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर. त्यांच्यात अशी कथा सांगतात की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात तेल गाळायचा धंदा करू लागले. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'.

त्यांच्याकडे पोथ्या उरल्या नव्हत्या, हिब्रू भाषाही विसरली होती. मग धर्म टिकवला कोणी? याचीही एक कथा आहे. दावीद राहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ कोकणात आले. हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी बायकांच्या हाती वेगवेगळी मासळी दिली आणि रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्मात नेमके हेच सांगितले आहे. पोथी नसताना धर्म चुलीपाशी जपला गेला होता. हे कधी घडले यावर जाणकारांचे एकमत नाही, पण समाज ही कथा अजून सांगतो.

पुढे राहाबींनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतले तीन तरुण निवडून त्यांना शिकवले, असे ही कथा सांगते. त्यांना 'काजी' म्हणू लागले. ते गावोगाव फिरून लग्ने लावत, विधी करत, तंटे मिटवत. म्हणजे शिकलेल्यांना मान मिळाला, पण त्यासोबत कामही आले.

आता सिनेगॉगकडे येऊ. सिनेगॉग म्हणजे ज्यू लोकांचे प्रार्थनास्थळ. मुंबईतले पहिले सिनेगॉग 1796 साली समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, यांनी बांधले. मुंबईतल्या सॅम्युएल स्ट्रीटला त्यांचेच नाव आहे. त्यानंतर कोकणातही सिनेगॉग उभी राहिली. ही चालवायला माणसे लागतात. प्रार्थना म्हणणारा हझान, पैशाचा हिशेब ठेवणारा गब्बाई, दारे उघडून दिवाबत्ती करणारा शमाश, आणि गावात मुकादम व चौगुले. यातली बरीच कामे लोक आपला धंदा सांभाळून करत आले.

अशा माणसांचा मान ज्यू समाजात कसा करतात? पहिली रीत म्हणजे तोरापाशी बोलावणे. तोरा हा त्यांचा पवित्र ग्रंथ, कातड्याच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला. तो वाचताना नाव घेऊन माणसाला पुढे बोलावतात. ज्या कपाटात तोरा ठेवतात त्याचे दार उघडणे, तोरा हातात घेऊन मिरवणे, हेही मानच. वर्षातून एकदा तोराचे वाचन पूर्ण होते आणि लगेच पहिल्यापासून सुरू होते. त्या सणाला सिम्हात तोरा म्हणतात. शेवटचा भाग वाचायला ज्याला बोलावतात त्याला 'तोराचा नवरदेव' म्हणतात, आणि नवी सुरुवात करणाराही नवरदेवच. हा मान पुष्कळ ठिकाणी वर्षानुवर्षे सेवा केलेल्या माणसाला देतात. इथे मान म्हणजे खुर्चीवर बसवून हार घालणे नव्हे. सगळ्यांसमोर एक पवित्र काम त्याच्या हाती सोपवणे, हाच मान.

दुसरी रीत प्रार्थनेतच आहे. शनिवारी सकाळी पुष्कळ सिनेगॉगमध्ये समाजासाठी झटणाऱ्यांना आशीर्वाद मागतात. त्यात सिनेगॉग उभारणारे येतात, तसेच दिव्याला तेल देणारे, वाटसरूंना भाकरी देणारे, गरिबांना दान देणारे, आणि समाजाची कामे इमानाने करणारे सगळे येतात. मोठी देणगी आणि दिव्याचे तेल, दोन्ही एकाच ओळीत. हे दर आठवड्याला होते, वर्षातून एकदा नाही.

तिसरी रीत शिक्षकांची. धर्माचा अभ्यास झाल्यावर एक प्रार्थना म्हणतात. त्यात गुरूंसाठी, त्यांच्या शिष्यांसाठी आणि शिष्यांच्या शिष्यांसाठी मागणे असते. ज्याच्याकडून एक अक्षर जरी शिकलो, तरी त्याचा आदर राखावा, अशी शिकवण आहे.

चौथी गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. धर्म शिकवण्याचे पैसे घेऊ नयेत, असे जुने ज्यू पंडित सांगत. पण शिक्षकाने खायचे काय? यावर त्यांनी तोड काढली. शिकवण्याची किंमत नको, पण शिकवण्यापायी त्याचे जे काम बुडाले, त्याची भरपाई द्यावी. सेवा आहे म्हणून माणसाला उपाशी ठेवू नये, हा त्यामागचा विचार.

बेने इस्रायलांना शिक्षक कसे मिळत गेले, तेही ऐकण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शेलोमो सालेम शुर्राबी आले आणि त्यांनी लोकांना प्रार्थना शिकवल्या. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनेची पुस्तके मराठीत आणली, म्हणून साध्या माणसाला अर्थ कळू लागला. अलिबागचे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढायला पुढाकार घेतला. त्यांनीच समाजाचा इतिहासही लिहिला. 1897 साली तो लिहून झाला, पण छापला गेला 1937 साली. तोपर्यंत ते हयात नव्हते. माणूस डोळ्यांसमोर असतानाच त्याच्या कामाची कदर व्हावी, असे हे वाचताना आम्हाला वाटले.

बायकांचे काय? जुन्या वळणाच्या सिनेगॉगमध्ये बायका वेगळ्या बसतात. प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत त्यांना धरत नाहीत, तोरापाशीही बोलावत नाहीत. ज्यांनी चुलीपाशी धर्म जपला, त्यांना तोराचा मान मात्र नाही. पण बायका थांबल्या नाहीत. 1913 साली मुंबईत बेने इस्रायल स्त्री मंडळ निघाले. ते सुरू करणाऱ्यांत डॉ. जेरुशा झिराड होत्या. पुढे त्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या आणि 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 1925 साली मुंबईत सुधारक विचारांची ज्यूइश रिलिजस युनियन निघाली, तिच्यामागेही त्या होत्या. केहिमकरांच्या त्या शाळेला पुढे रिबेका रूबेन मुख्याध्यापिका लाभल्या. त्यांनी पंचवीसहून अधिक वर्षे ती शाळा सांभाळली.

1948 नंतर या समाजातले पुष्कळ लोक इस्रायलला गेले. एकेकाळी भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती, आता काही हजार उरले आहेत. 2016 साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. पण गावातल्या सिनेगॉगचे कुलूप सरकार उघडत नाही. ते किल्ली सांभाळणाराच उघडतो. माणसे थोडी असली की एक जण दमला तरी दार बंद होते. गटाचेही असेच असते, मैत्रिणींनो. दहा-बारा जणींच्या गटात हिशेब लिहिणारी एक बाई थकली की सगळा गट डगमगतो.

मग आपण यातून काय घ्यायचे? सत्कार करताना काम नेमके सांगू या. "यांनी गटासाठी खूप केले" एवढ्याने भागत नाही. "यांनी एका वर्षात चोवीस बैठकांची वही लिहिली आणि एकही बैठक चुकवली नाही" असे म्हणू या, आणि ते प्रोसिडिंगच्या वहीत ठराव म्हणून लिहू या. पाहुण्यांना दीप लावायला सांगण्याऐवजी कधी तो मान हिशेब लिहिणाऱ्या ताईला देऊ या. अहवाल तिलाच वाचू द्या. चहा करणारी, सतरंज्या घालणारी, आजारी सदस्येचा हप्ता गोळा करून आणणारी, यांचीही नावे त्याच दमात घेऊ या. वर्षातून एकदा नको, दर महिन्याच्या बैठकीत दोन मिनिटे पुरे.

सही करायला, पासबुक वाचायला आपल्याला कोणी शिकवले, तेही सगळ्यांसमोर सांगू या. तिने शिकवलेली बाई पुढे आणखी कोणाला शिकवते आहे का, तेही विचारू या. शिकवणारीला याहून मोठा मान नाही.

आणि शाल देऊन मजुरी फिटत नाही, हे लक्षात ठेवू या. गटाच्या कामासाठी तालुक्याला जाताना जिचा रोज बुडतो, तिला एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज द्यायचा ठराव करावा. घ्यायला तिला संकोच वाटतो, म्हणून ते मागण्याची वेळ तिच्यावर येऊ देऊ नये.

शेवटचे म्हणजे, मान देताना तिच्या शेजारी दुसरी एक जण बसवू या. तोराचे वाचन संपते तिथेच पहिल्यापासून सुरू होते, तसे जुन्या ताईने शेवटची नोंद लिहिली की त्याच बैठकीत नव्या मुलीने पुढची लिहावी. मग जुनीला "आता मी थांबते" म्हणायला जड जाणार नाही, आणि वहीचे पानही कोरे राहणार नाही.

तुमच्या गटात हे काम कोण करते? येत्या बैठकीत तिचे नाव घ्या, आणि ती काय काय करते ते तिच्यासमोर मोजून सांगा.