कपाटातील जुने खेळ आणि आपले हात

जुने व्हिडिओ गेम जमविणाऱ्या एखाद्या छांदिष्टाचे कपाट पाहताना आपले लक्ष प्रथम खेळांच्या रंगीत वेष्टनांकडे जाते. परंतु त्या कपाटातील खरा बोलका ऐवज म्हणजे कंट्रोलर, खेळताना हातात धरावयाचे साधन. टीव्हीला जोडावयाच्या कन्सोलच्या पिढ्या बदलल्या, तसा बोटांवर आणि मनगटावर पडणारा भारही बदलत गेला. तो सारा इतिहास एका फळीवर मांडता येतो.

१९७७ सालच्या अटारी २६०० चा कंट्रोलर म्हणजे एक काळी चौकोनी पेटी, तिच्यावर उभी दांडी आणि कोपऱ्यात एकच लाल बटण. एका हाताने पेटी आवळून धरायची आणि दुसऱ्याने दांडी हलवायची. त्यात अवघे मनगट कामाला लागे. पुढे निन्टेंडो कंपनीतील गुनपेई योकोई यांनी १९८२ साली हातात मावणाऱ्या ‘डाँकी काँग’ या छोट्या खेळासाठी अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण योजले. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉमने तेच स्वीकारले आणि मनगटाचे काम अंगठ्याकडे आले.

त्याची नोंद वैद्यकीय वाङ्मयातही झाली. १९९० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ‘निन्टेंडिनायटिस’ या मथळ्याचे एक पत्र प्रसिद्ध झाले. पस्तीस वर्षांच्या एका स्त्रीने सलग पाच तास खेळून अंगठ्याचे दुखणे ओढवून घेतल्याची ती हकीकत होती. रुग्ण लहान मूल नव्हते, प्रौढ स्त्री होती, हे विशेष. आज जुने कन्सोल गोळा करणारे बहुतेकजण चाळिशीच्या आसपासचे असतात. लहानपणीचा खेळ हाती आला की बालपणीचा उत्साह परततो, अंगठ्याचे स्नायुबंध मात्र बालपणीचे राहिलेले नसतात. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागले तर खेळ तिथेच थांबवावा आणि दुखणे रेंगाळल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

१९९६ सालच्या निन्टेंडो ६४ ला तीन मुठींचा कंट्रोलर होता आणि मधोमध एक फिरती दांडी. ‘मारिओ पार्टी’ या खेळातील काही भागांत ती दांडी वेगाने गरगर फिरवावी लागे. अंगठा पुरेना म्हणून मुले तळहात टेकवून ती फिरवू लागली आणि तळहातांना फोड आले. प्रकरण न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांपर्यंत पोहोचले. अखेरीस २००० साली कंपनीने हातमोजे पुरविण्याचे मान्य केले. हा खेळ आपल्या संग्रहात असेल, तर मुलांच्या हाती देण्यापूर्वी एवढी कथा त्यांना अवश्य सांगावी.

महाराष्ट्रातील घरांत नव्वदच्या दशकात जो ‘व्हिडिओ गेम’ आला, तो बहुधा फॅमिकॉमची नक्कल असे. त्याच्या खेळांना आपण कॅसेट म्हणत असू. त्या कॅसेटला साठ पिना असतात, तर अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेंडोच्या कॅसेटला बहात्तर. त्यामुळे अमेरिकेतील नातलगांनी प्रेमाने आणलेली कॅसेट घरच्या यंत्रात बसत नाही. तिकडून यंत्रच आणले, तर ते १२० व्होल्टसाठी बनविलेले असते. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये त्याचा अडॅप्टर थेट खुपसला की तो जळतो, प्रसंगी पेटही घेतो. योग्य ट्रान्सफॉर्मर घेतल्याशिवाय ते जोडूच नये.

कॅसेट चालेनाशी झाली की तिच्यात फुंकर मारण्याची सवय आपणा सर्वांनाच होती. त्या फुंकरीतील ओलाव्याने पिना कालांतराने गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजविलेल्या कापसाच्या काडीने त्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात.

खरी काळजी घ्यावयाची ती कॅसेटच्या पोटात दडलेल्या चपट्या बटण-सेलची. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’सारख्या खेळांच्या कॅसेटमध्ये खेळाडूची प्रगती जपून ठेवण्यासाठी असा सेल बसविलेला असे. तो संपला की संग्राहक कॅसेट उघडून नवा जोडतात आणि जुना टेबलावर पडून राहतो. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतील अस्तर गंभीररीत्या भाजू शकते. शंका आली तरी उलटी करविण्याचा प्रयत्न न करता तत्काळ रुग्णालय गाठावे. बदललेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती न लागेल असा ठेवावा आणि ई-कचऱ्यात द्यावा.

‘डक हंट’ची बंदूक जुन्या, काचेच्या नळीच्या टीव्हीवरच चालते. म्हणून असे टीव्हीही या छंदात घरी येतात. त्यांचे मागचे झाकण कधीही उघडू नये. प्लग काढून ठेवला तरी आत घातक विद्युतभार साठून राहू शकतो.

छंदाचे रूपांतर साठवणुकीत कधी होते, हे मात्र कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. ज्या खेळाचे मोल तो कुणीही न खेळण्यावरच टिकून आहे, तो घेण्यात काय सुख, हे मला उमगत नाही. याउलट, अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ सालच्या अभ्यासानुसार तेथे प्रकाशित झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात कुठेच विकत मिळत नाहीत. ते खेळावयाचे, तर बव्हंशी कुणाच्या तरी कपाटातूनच. एका पिढीचा एक कन्सोल, दोन चालू कंट्रोलर आणि दहा-बारा कॅसेट एवढ्यावर घरातील तीन पिढ्यांची सुटी आनंदात जाते. त्यापुढची खरेदी घरच्यांपासून लपवावीशी वाटू लागली किंवा घरखर्चाला हात लागला, तर कपाटाला काही दिवस कुलूप घालावे.

एक छोटी सूचना राहिलीच. मूळ फॅमिकॉमचे कंट्रोलर यंत्रालाच कायमचे जोडलेले असत आणि त्यांच्या तारा आखूड होत्या. (दुसऱ्या कंट्रोलरवर चक्क मायक्रोफोन होता!) मुले टीव्हीला नाक लावून, जमिनीवर कुबड काढून खेळत, ती काही अंशी या तारांमुळेच. ज्या यंत्रांचे कंट्रोलर सुटे होतात, त्यांच्यासाठी वाढीव तारा मिळतात. तशी एक घ्यावी आणि भिंतीला पाठ टेकून खेळावे.