गोळी एकाची, फाशी तिघांना

"साहेब, मी काहीच केलं नाही. नुसता उभा होतो." सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की माझा प्रश्न तयारच असतो : कशासाठी उभा होतास?

या प्रश्नाचं सगळ्यांत ठळक उदाहरण नाशिकचंच आहे. 21 डिसेंबर 1909. विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची मुंबईला बदली झालेली, त्यांच्या निरोपाचा हा बेत. जॅक्सन येताच अठराव्या वर्षातल्या अनंत कान्हेरेंनी गोळ्या झाडल्या आणि ते जागीच पकडले गेले. कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडेही तिथेच होते. कान्हेरेंचा नेम चुकला तर पुढचं काम त्यांनी करायचं, असं ठरलेलं. नेम चुकला नाही. त्यांना हात उचलावाच लागला नाही. तरीही 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली ती तिघांना.

ते हुतात्मे आहेत, यात मला शंका नाही. पण मागच्या भागात आपण हेतू आणि इरादा वेगळे काढले होते, ते इथे आठवा. देशप्रेम हा हेतू. न्यायालय तपासतं तो इरादा, आणि तो तिघांचा एकच होता.

त्या रात्री नाट्यगृह भरलेलं होतं. हजर तर सगळेच होते! म्हणजे नुसती हजेरी पुरत नाही. आधी ठरलेलं असावं लागतं, किंवा निदान त्या क्षणी मनं जुळलेली असावी लागतात. उलट, दूर असल्यानेही सुटका होत नाही. पिस्तुलं पाठवणारे विनायक दामोदर सावरकर खुनाच्या वेळी लंडनला होते. या खुनाला साहाय्य केल्याबद्दल 1911 च्या जानेवारीत त्यांना दुसरी जन्मठेप झाली. कायद्याच्या मराठीत याला 'अपप्रेरणा' म्हणतात. शब्द अवघड आहे, पण चिथावणी, कट आणि मदत हे तिन्ही त्याच्या पोटात येतं.

गुन्हा करायचं नुसतं संगनमत हाच स्वतंत्र गुन्हा, असं सर्वसाधारण कलम मात्र तेव्हा दंडसंहितेत नव्हतं. ते 1913 मध्ये आलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आकडे बदलले : जुनं 34 म्हणजे समान इराद्याचं कलम आता 3(5) झालं, कटाचं 120-ब आता 61 मध्ये गेलं. मूळ तत्त्व जागच्या जागी आहे.

आता गंगापूर रोडवर या. मागे बसलेला उतरतो, फिरायला निघालेल्या आजींची सोनसाखळी ओढतो. पुढचा बाइक चालू ठेवून थांबलेला. साखळीला त्याचं बोटही लागलेलं नाही, पण बेत त्याला ठाऊक असेल, तर तोही तेवढाच गुन्हेगार. ठाऊक नसेल, तर तो निर्दोष. आणि ठाऊक होतं हे सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची. त्यासाठी मग आधीचे फोन, वाटून घेतलेले पैसे, पळताना धरलेला रस्ता, हे सगळं न्यायालयापुढे येतं.

आणि बाइकवाला ऐन वेळी घाबरून निघून गेला असेल तर? पुढच्या आठवड्यात तेच बघू.